फिल्टरचे चार तुकडे

कॉफीचं भांडं घ्यायला निघालेल्यानं दुकानात शिरण्याआधी घरचं दुधाचं पातेलं बघावं. माहुलमध्ये काय, उभ्या मुंबईत काय, त्यात बहुधा म्हशीचं दाट दूध असतं. कागदी फिल्टरमधून उतरलेली नाजूक कॉफी या दुधात पार हरवते. काळी पिणाऱ्यांनी ती खुशाल करावी. दूधवाल्यांसाठी माझं मत पक्कं आहे: स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर.

खालचं भांडं, त्यावर बसणारं जाळीच्या बुडाचं भांडं, दांड्याची चकती आणि झाकण. ना स्प्रिंग, ना रबर, ना वायर. बिघडायला आहेच काय? तरी घेताना बूड उजेडासमोर धरावं. भोकं बारीक आणि एकसारखी हवीत. मोठी असली की पूड खाली येते आणि शेवटचा घोट रवाळ लागतो. वरचं भांडं नीट बसावं, पण रुतू नये. खालच्या हवेला वाट मिळाली नाही तर पाणी वरच तुंबतं. मग वरचं भांडं जरासं उचलायचं, थेंब पुन्हा सुरू.

खरी गंमत चकतीत आहे. नवशिके तिच्यावर जोर लावून पूड ठेचतात. तिनं पूड फक्त हलक्या हातानं सपाट करायची. तिचं मोठं काम पुढे, पाणी ओतताना. धार तिच्यावर पडून पसरते, पुडीत खड्डा पडत नाही. नाहीतर पाणी एकाच वाटेनं पळतं आणि बाकीची पूड नुसती भिजून राहते. एवढ्याशा पत्र्यात केवढा विचार!

1933 चा इटालियन मोका पॉट वाफेच्या दाबानं पाणी वर चढवतो. त्याचीही कॉफी कडक होते, पण गॅसपाशी उभं राहावं लागतं. जरा उशीर झाला की करपट चव. फिल्टरला घाई नाही. पाणी आपल्या वजनानं उतरतं, पुडीतली चिकोरी त्याला आणखी रोखते, आणि डिकॉक्शन दाट होतं. अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के हवी असा नियम आहे. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचावं. पूड माटुंग्याच्या दुकानातून ताजी दळून आणावी, तीही थोडीच. पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेत उघडी पूड लगेच सादळते.

आपल्याकडची जायफळ घालून उकळलेली, गाळण्यानं गाळलेली कॉफी मला आवडते. पण तिच्यात बोलतं ते जायफळच.

राहिला आकार. मोठा फिल्टर घेऊन त्यात थोडीच पूड घातली तर थर पातळ पडतो, पाणी भसकन खाली जातं. दोघांच्या घरात दोन कपांचाच घ्यावा. पाहुणे आले तर पुन्हा लावायचा. बसतील की जरा.