पडद्यावरचे सोने

जळगावच्या सराफ बाजारात धनत्रयोदशीला उडणारी झुंबड ज्याने पाहिली, त्याला खानदेशात सोन्याचे मोल सांगावे लागत नाही. कापूस विकला की डोरले होते, आणि पावसाने दगा दिला की तेच डोरले गहाण पडते. सोन्याची ही वाट आपल्याला पाठ आहे. मात्र आपल्यापुरती ती सराफाच्या पेढीपासूनच सुरू होते. पेढीच्या मागची खाण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली ती 'के.जी.एफ.' ह्या कानडी चित्रपटात. त्याचा पहिला भाग २०१८ साली आला, दुसरा २०२२ साली.

धुळ्याच्या थिएटरात मी तो हिंदीत पाहिला, तेव्हा शिट्ट्यांपुढे संवाद ऐकू येईनात. माझ्या वर्गातली मुले अजून रॉकीसारखी चालतात! करमणूक म्हणून त्याची ताकद मी नाकारीत नाही. आईला दिलेल्या वचनाचा धागा तर आपल्या प्रेक्षकाला हमखास बांधून ठेवणारा. पण कथेतली खाण म्हणजे एका घराण्याने जगापासून लपवलेला तुरुंग, आणि तिथले हजारो मजूर खाली मान घालून तारणहाराची वाट पाहणारे.

खरे कोलार असे नव्हते. १८८० साली जॉन टेलर कंपनी तिथे आली, १९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. मजूर बहुतांशी तमिळ मुलखातले दलित. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. दगडाच्या धुळीने मजुरांची फुप्फुसे निकामी होत. पण ते मुके नव्हते. अंगठ्याचे ठसे देण्याच्या सक्तीविरुद्ध १९३० साली त्यांनी संप केला होता. त्यांचा हा आवाज काढून घेतल्यावाचून रॉकीला मोठे करता आले नसते काय?

दुसरा आक्षेप त्या करड्या टेकड्यांचा. चित्रपटाचे काही चित्रण कोलारच्या खऱ्या टेकड्यांवर झाले आहे. शेवटच्या काळात तिथे टनभर दगडातून तीनेक ग्रॅम सोने निघे. म्हणजे एका तोळ्यामागे चारएक टन दगड दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोने विरघळवून घ्यायचे, आणि उरलेला भुगा तिथेच टाकायचा. असा तीन कोटी टनांवर भुगा तिथे साचला आहे. वारा सुटला की ती पूड वस्तीत शिरते, पावसात ओढ्यांत उतरते. दिग्दर्शक प्रशांत नील ह्यांनी ह्या टेकड्या नायकाच्या पाठीमागे शोभेला उभ्या केल्या.

पा. रंजित ह्यांचा 'तंगलान' (२०२४) ह्या बाबतीत पुष्कळ सरस. त्याचा नायक सोन्याच्या हावेने निघत नाही. जमीनदाराने गिळलेली जमीन सोडवायची म्हणून तो इंग्रज साहेबाबरोबर कोलारच्या रानात जातो. जमीन गेलेला माणूस परमुलखात दगड फोडायला का जातो, हे आपल्या सातपुड्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. उत्तरार्धात साप, शाप आणि पूर्वजन्म ह्यांची गर्दी होऊन कथा अडखळते, ही गोष्ट खरी. तरी सोने काढताना कोणाची माती उकरली जाते, हे त्यात दिसते.

सुट्टीत घरातल्या मोठ्या मुलांना दोहोंपैकी एक दाखवायचा तर मी 'तंगलान' सांगेन. लहानांना मात्र नको. रक्तपात त्यातही कमी नाही.