अंथरूण घालणारा काउंट

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' निघाली १८९७ साली. माझ्या हाती ती पडली कॉलेजात असताना. दोन रात्री जागून वाचली आणि तिसऱ्या रात्री गाढ झोपलो. भयकथेचा याहून मोठा पराभव कोणता? 'भूत कमी, रोजनिश्या फार' असा तेव्हाचा माझा अभिप्राय होता. परवा, पन्नाशी उलटल्यावर, तीच कादंबरी पुन्हा वाचली. अभिप्राय कायम आहे. झोप मात्र लागली नाही.

जोनाथन हार्कर हा नुकताच परीक्षा पास झालेला वकील. लंडनजवळच्या एका घराच्या खरेदीचे कागद पुरे करायला तो ट्रान्सिल्व्हेनियात जातो. वाटेत पाप्रिका घातलेली कोंबडी खातो आणि 'मिनासाठी कृती मिळवणे' अशी नोंद करून ठेवतो. बिचारा! इतका आपल्यातला माणूस भुताच्या तोंडी द्यायला स्टोकरला जरा तरी काही वाटायला हवं होतं.

पुढे एका प्रसंगी हार्कर आपल्या खोलीत जातो, तर प्रत्यक्ष काउंट त्याचं अंथरूण घालतोय! नंतर दाराच्या बिजागरीच्या फटीतून तोच जेवणाचं टेबलही मांडताना दिसतो. कॉलेजात असताना इथे मी खो खो हसलो होतो. आता घर चालवून झाल्यावर कळतं, की नोकर नाही याचा अर्थ त्या अवाढव्य वाड्यात दुसरं कुणीच नाही. म्हणजे त्या रात्री घाटातून गाडी हाकणाराही हाच. हाक मारली तर ओ द्यायलाही हाच. सुळ्यांचं काय घेऊन बसलात!

आणि ती पत्रं. एकोणीस मेला काउंट हार्करला तीन पत्रं लिहायला लावतो. काम संपत आलं, उद्या निघतो, वाडा सोडून बिस्ट्रिट्झला पोचलो, अशा मजकुराची. तारखा घालायच्या बारा, एकोणीस आणि एकोणतीस जून. कारण काय, तर तिकडचं टपाल बेभरवशाचं! हार्कर निमूटपणे लिहितो, आणि आपले किती दिवस उरले ते त्याला तारखांवरून कळतं. जन्मभर 'इथे सही करा' ऐकलेल्या माणसाला या पानावर घाम फुटतो. रक्ताचा एक थेंबही न सांडता एवढं भय निर्माण करणं सोपं नाही.

स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलाच नाही. तो लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक होता. पत्रव्यवहार, दौरे, हिशेब हा त्याचा रोजचा धंदा. त्याचा काउंट सोफ्यावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचतो, ते उगाच नाही! (आमचे एक मामा असंच वाचायचे. पण ते फक्त मिरजेपर्यंत जायचे.)

मधली शंभरेक पानं मात्र आजही जड जातात. व्हॅन हेल्सिंग बोलायला लागला की काउंट बरा वाटतो. तो निदान मोजकं बोलतो. लूसीला तर चार पुरुष आळीपाळीने रक्त देतात. रक्तगटांचा शोध लागला १९०१ साली, तेव्हा ही पोरगी काउंटमुळे गेली की डॉक्टरांमुळे, हा प्रश्न मी मोकळाच ठेवतो.

मग मिना सगळ्यांच्या रोजनिश्या टाईप करून तारीखवार लावते आणि लढाई सुरू होते. काउंटही वस्ताद. तो येऊन हस्तलिखितंच जाळतो. पण एक प्रत तिजोरीत असते! कॉलेजात मी याला रटाळ कारकुनी म्हटलं होतं. कारकुनी ती आहेच. पण चारशे वर्षांपूर्वीच्या सरदाराला कार्बन कॉपी ठाऊक नसावी, ही कल्पना मला सुळा आणि लसूण यांच्यापेक्षा सरस वाटते. इतका गाजावाजा झालेल्या काउंटला शेवटी दोन सुऱ्यांत आणि चार ओळींत उरकला आहे. तक्रार करायची तर याची करावी.

त्यापुढे हार्करचं एक टिपण आहे, सात वर्षांनंतरचं. कागदपत्रं काढून पाहिली, तर अस्सल असं जवळजवळ काहीच नाही. सगळ्या टाईप केलेल्या नकला! एकीवरही राजपत्रित अधिकाऱ्याची सही नाही. आमच्याकडच्या कोणत्याही कचेरीने एवढ्या पुराव्यावर काउंटला मृत मानलं नसतं.