रुग्णमुखाचे वाचन : नाइटिंगेलबाईंच्या एका प्रकरणाचा विचार

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे १८५९ साली लिहिलेले 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तक शुद्ध हवा, उजेड आणि स्वच्छता यांच्या पुरस्काराबद्दल विशेष प्रसिद्ध आहे. रुग्णनिरीक्षणावरील त्यातील प्रकरण निराळ्या कारणाने लक्षणीय ठरते. शीर्ष, मुख व मान यांच्या परीक्षणाचा जो पाठ आज परिचारिकेला दिला जातो, त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न येथे स्पष्टपणे मांडलेला आहे : चेहरा पाहून रोग्याची स्थिती कितपत कळते?

नाइटिंगेलबाईंचे उत्तर अनपेक्षित आहे. मुखावर त्यांचा फारसा विश्वास नाही. चेहरा ऊनवाऱ्याला सदैव उघडा असतो. त्यावरील लाली आरोग्याची, नाजूक त्वचेची की रक्तसंचयाची, हे सामान्य पाहणाऱ्यास ओळखता येत नाही. आणि शरीर वाळत चालले तरी कृशता मुखावर पुष्कळदा सर्वांत शेवटी उमटते. त्यापेक्षा रोग्याचा हात अधिक भरवशाचा, असे त्या म्हणतात. डोळा व जीभ यांवरूनच प्रकट होणाऱ्या काही रोगांचा अपवाद त्यांनी केला आहे. परंतु 'रोगी बरा दिसतो' हा नित्याचा उद्गार त्यांना मुळीच ग्राह्य वाटत नाही.

हा अविश्वास मुखाविषयी नसून मोघम पाहण्याविषयी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. 'रात्र चांगली गेली का?' असे न विचारता किती तास व केव्हा झोप लागली हे विचारावे, असा आग्रह त्यांनी याच प्रकरणात धरला आहे. आजच्या परीक्षणाने मुखाच्या बाबतीत नेमके हेच केले : एका ठशाचे अनेक प्रश्न केले. चेहरा वाकडा आहे, एवढे म्हणून भागत नाही. चेहऱ्याचा खालचा भाग लुळा पडूनही कपाळास आठ्या पडत असतील, तर दोष मेंदूत असण्याचा संभव अधिक. कपाळही निश्चल असेल, तर तो बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूत असतो. सावळ्या त्वचेवर फिकटपणा किंवा कावीळ गालावर शोधणे व्यर्थ होय. फिकटपणा खालच्या पापणीच्या आत व जिभेवर, कावीळ डोळ्याच्या पांढऱ्या भागात पाहावी लागते. गोऱ्या कातडीवरून लिहिलेल्या वर्णनांपेक्षा बाईंचा संशयच भारतीय परिचारिकेला अधिक मार्गदर्शक ठरावा.

तथापि या प्रकरणाची मर्यादाही स्पष्ट आहे. त्याचा भर डोळ्यावर आणि प्रश्नावर आहे. वाग्भटाने रोगपरीक्षेसाठी दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी तिन्ही साधने एकत्र सांगितली आहेत. आणि मानेच्या परीक्षणात स्पर्शावाचून चालत नाही. गंडमाळेची लहान गाठ डोळ्यांना दिसण्यापूर्वी बोटांना लागते. ती दुखरी आहे की नाही, मऊ की कठीण, सरकणारी की शेजारच्या गाठींना चिकटलेली, हे हातच सांगतो. या स्पर्शालाही नियम आहे : मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या एकाच वेळी दाबावयाच्या नसतात, कारण मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन रोगी मूर्च्छित होऊ शकतो. अर्थात हे परिचारिकांचे पाठ्यपुस्तक नव्हे, इतरांच्या आरोग्याचा भार वाहणाऱ्या स्त्रियांसाठी केलेल्या सूचना होत, असे बाईंनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. म्हणून ही उणीव दोष मानता येत नाही.

खरा दोष आजच्या वापरात संभवतो. तपशीलवार परीक्षण करूनही नोंदीच्या रकान्यात 'सामान्य' एवढाच शब्द लिहिला, तर तो 'बरा दिसतो' याचाच कागदी अवतार ठरतो. डोक्यास मार लागलेल्या रोग्याच्या बाहुल्या संध्याकाळी किती मिलिमीटर होत्या व उजेडाने आकुंचित होत होत्या काय, हे लिहिलेले नसेल, तर रात्री दिसणारा दोन बाहुल्यांतील फरक नवा की जुनाच, हे रात्रपाळीच्या परिचारिकेने कसे ठरवावे? तेवढ्या विलंबाने प्राण जाऊ शकतो. पद्धती बदलली, रकाने वाढले. परंतु पाहिलेले आणि वाटलेले यांतील भेद राखण्याची नाइटिंगेलबाईंची शिकवण कालबाह्य झालेली नाही.