बुडालेल्या नौका आणि दूरचित्रवाणीची घाई

समुद्राच्या तळाशीं विसावलेल्या नौकेचें दर्शन घरबसल्या घडावें, ही गोष्ट आपल्या पणजोबांस इंद्रजालासारखी वाटली असती. आज रात्रीचें जेवण आटोपून सारें कुटुंब पाणबुड्यांच्या मागोमाग सत्तर मीटर खालीं जाऊन येतें आणि तासाभरानें निजावयास जातें. दूरचित्रवाणीचे हे उपकार आम्ही मानतों; परंतु ही सुलभता कोणत्या किंमतीस मिळते, हें पाहणें टीकाकाराचें कर्तव्य आहे. त्यासाठीं आम्ही एकच प्रकरण घेतों.

अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यापासून सुमारें साठ मैलांवर १९९१ सालीं कांहीं हौशी पाणबुड्यांस दुसऱ्या महायुद्धांतील एक जर्मन पाणबुडी नौका सांपडली. त्या जागीं अशी नौका बुडाल्याची नोंद कोणत्याहि सरकारी दफ्तरांत नव्हती. त्याच वर्षीं तिच्यांत एक सुरी मिळाली. तिच्या मुठीवर ‘होरेनबुर्ग’ असें नांव कोरलेलें होतें. या नांवाचा बिनतारी संदेशवाहक यू-८६९ या नौकेवर होता खरा; पण ती नौका तर १९४५ सालीं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाली, असें कागद सांगत होते! अखेर १९९७ मध्यें सुट्या भागांच्या पेटीवरील चकती हातीं आली, आणि कागद चुकले, सुरी खरी, असा निकाल लागला. छप्पन्न माणसांचें थडगें कोठें आहे, हें जगास बावन्न वर्षांनीं कळलें.

या शोधावर अमेरिकेंतील ‘नोव्हा’ मालेंत २००० सालीं एक चित्रपट दाखविण्यांत आला. त्याचें नांव ‘हिटलर्स लॉस्ट सब’. शोधास सहा वर्षें लागलीं, हें तो लपवीत नाहीं, हा त्याचा गुण. परंतु नांवाविषयीं आमची तक्रार आहे. नौकेंत मेले ते बहुतेक तरुण खलाशी; प्रेक्षक खेंचण्यासाठीं त्यांच्या थडग्यावर पाटी मात्र हिटलरची लागली.

या शोधांतील दोन प्रमुख पाणबुडे, जॉन चॅटर्टन व रिची कोहलर, पुढें ‘हिस्टरी चॅनेल’वरील ‘डीप सी डिटेक्टिव्ह्ज’ या मालिकेचे सूत्रधार झाले. ही मालिका २००३ सालीं सुरू झाली. माणसें जाणतीं व अनुभवी. परंतु तासाभराच्या चौकटीनें त्यांनाहि बांधून टाकलें. आरंभीं कोडें घालावें, मध्यें बुडी मारावी, शेवटीं उकल करावी, हा या प्रकारच्या कार्यक्रमांचा ठराविक सांचा होय. ज्यांना एका नौकेचें नांव कळण्यास सहा वर्षें लागलीं, त्यांनींच प्रत्येक भागास एक नौका निकालांत काढावी, हा विरोध आम्हांस खटकतो.

या सांच्यांत सर्वांत मोठा बळी पडतो तो प्रतीक्षेचा. सत्तर मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारें आठपट असतो. त्या दाबाखालीं श्वासांतील नायट्रोजन रक्तांत व मांसांत मुरतो. माणूस एकदम वर आला तर सोडावॉटरच्या बाटलीचें बूच उडाल्यावर जसे बुडबुडे उठतात, तसे ते शरीरांत उठतात. म्हणून तळाशीं वीस-पंचवीस मिनिटें काढणाऱ्यास परततांना तासभर किंवा त्याहून अधिक काळ दोराला धरून टप्प्याटप्प्यानें थांबावें लागतें. १९९२ सालीं याच नौकेंत एक बाप व त्याचा मुलगा उतरले होते. आंत मुलगा अडकला, बापानें त्यास सोडविलें. पण हा थांबा न घेतां दोघेहि थेट वर आले. दोघांपैकीं कोणीहि वांचला नाहीं. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, या धंद्यांतील खरें धैर्य खालीं जाण्यांत नसून वर येतांना थांबण्यांत आहे. पडद्यावर मात्र वाजतगाजत उतरणें दिसतें आणि दोरावरचा तास कात्रीखालीं जातो. त्यामुळें घरीं बसलेला पोरसवदा प्रेक्षक साहस शिकतो, संयम शिकत नाहीं.

शेवटच्या उकलीविषयींहि असेंच. यू-८६९ स्वतःच्याच पाणतीरानें, तो वळसा घेऊन परत आल्यामुळें, बुडाली असा तर्क पुष्कळ दिवस लोकप्रिय होता. त्यांत नाट्य होतें. परंतु २००५ सालीं अमेरिकेच्या तटरक्षक दलानें पुरावा तपासून ती बुडविल्याचें श्रेय दोन अमेरिकन युद्धनौकांस दिलें. सत्य असें मागाहून हलतें. तासाभरांत मिटलेल्या कथेला तें सोय ठेवीत नाहीं.

हें परदेशचें प्रकरण म्हणून मराठी वाचकानें दूर लोटूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या दिवशीं ज्यांच्या घरचें माणूस परतलें नाहीं, त्यांना बुडालेली नौका हें कोडें वाटणार नाहीं. उद्यां कोणी तिच्यावर अशी मालिका काढली, तर तिच्यांत काय असावें व काय नसावें, हें त्या कुटुंबांना विचारून पाहावें. आमची मागणी थोडकी आहे: मृतांचीं नांवें सावकाश वाचून दाखवा, दोरावरील वाट पाहणें दाखवा, आणि जेथें उत्तर मिळालेलें नाहीं, तेथें तसें सांगा. कार्यक्रम थोडा संथ होईल. तेवढें सोसण्याइतका मराठी प्रेक्षक समंजस आहे, असा आमचा विश्वास आहे.