‘नाइस’ : एका शब्दाची झीज

इंग्रजीतला ‘नाइस’ हा शब्द लॅटिन ‘नेस्कियस’ म्हणजे ‘अजाण’ यावरून फ्रेंचमार्गे आला. प्रारंभी त्याचा अर्थ मूर्ख. पुढे चोखंदळ, काटेकोर असा झाला आणि अठराव्या शतकात ‘छान’ हा अर्थ रूढ होऊ लागला. १८१७ अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ कादंबरीत हेन्री टिल्नी हा शब्द सरसकट वापरणाऱ्या कॅथरिनची थट्टा करतो. नेटकेपणा, नाजूकपणा हाच त्याचा मूळ अर्थ, असे त्याचे म्हणणे. पण हा ‘मूळ’ अर्थही मधल्या मुक्कामावरचाच! अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका. उर्दूने ‘अजीबोगरीब’मध्ये त्याची खूण जपली, मराठीत ‘गरीब गाय’ झाली. चूक कोणाला म्हणायचे?

तरीही हेन्रीची तक्रार रास्त आहे. जो शब्द पुस्तकालाही चालतो आणि हवेलाही चालतो, तो पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही. आपल्या नवोदित कवींच्या संग्रहांवर ‘छान’, ‘सुंदर’ एवढाच अभिप्राय देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अशी दाद ही न वाचण्याची सभ्य रीत होय. कोणती ओळ साधली, कोणती फसली आणि का, हे सांगणारा वाचकच नवोदिताचा खरा हितचिंतक.