पोपटी कुठे गेला?

'जोधा अकबर' हा आमच्याकडे घरचा सिनेमा मानला जातो. २००८ साली आलेल्या आशुतोष गोवारीकरांच्या या सिनेमातला आग्र्याचा किल्ला नितीन चंद्रकांत देसाईंनी त्यांच्या एनडी स्टुडिओत उभा केला होता. स्टुडिओला सगळे 'कर्जतचा' म्हणतात, पण तो आहे खालापूर तालुक्यात, चौकजवळ हातनोलीला. (कर्जतकर ही चूक कधी दुरुस्त करत नाहीत. खालापूरकर दर वेळी करतात.)

सिनेमात इतिहास किती आणि कल्पना किती, यावर भरपूर भांडून झालंय. त्याच्या रंगांवर मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला तेच करायचंय, आणि त्यासाठी आधी टॅबच्या सेटिंगमध्ये शिरावं लागेल. कारण आज हा सिनेमा पाहणारे बरेच जण तो मांडीवरच्या काचेवर पाहतात, आणि त्या काचेचं स्वतःचं एक मत असतं.

मागच्या पावसाळ्यात माझ्या आणि आतेभावाच्या टॅबवर, दोन्ही शेजारी ठेवून, आम्ही हा सिनेमा लावला. कंपनी एक, मॉडेल एक. पाच मिनिटांत तो म्हणाला, "दादा, तुझ्या टॅबचा रंग उडालाय." रंग उडाला नव्हता. माझा टॅब 'नॅचरल'वर होता, त्याचा 'व्हिव्हिड'वर. सॅमसंगच्या ओलेड स्क्रीनवाल्या टॅबमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले, स्क्रीन मोड असं गेलं की हे दोन पर्याय दिसतात. खाली व्हाइट बॅलन्सची पट्टी असते आणि अजून आत गेलं की लाल, हिरवा, निळा अशा तीन वेगळ्या पट्ट्या. साध्या एलसीडी टॅबवर हे बहुधा नसतंच. ज्यांच्याकडे असतं, त्यातले किती जण तिथवर जातात? डबा उघडल्यावर जे होतं तेच आयुष्यभर चालतं.

हे दोन मोड नेमकं काय करतात ते थोडक्यात सांगतो. वेबवरचे बहुतेक फोटो 'एसआरजीबी' नावाच्या मापात लिहिलेले असतात. हे माप १९९६ साली, त्या काळच्या काचेच्या जाड मॉनिटरांना धरून सुचवलं गेलं. साध्या व्हिडिओचं मापही रंगांच्या बाबतीत जवळपास तेच. आजच्या ओलेड स्क्रीनला त्याहून बराच जास्त लाल आणि हिरवा दाखवता येतो. 'नॅचरल' मोड जुन्या मापाचा आकडा जुन्याच मापाने वाचतो. 'व्हिव्हिड' तोच आकडा स्क्रीनच्या मोठ्या मापावर ताणतो. म्हणजे ज्याने तो रंग ठरवला त्याने शंभर म्हटलं होतं, स्क्रीन सव्वाशे ऐकते.

आता 'अज़ीम-ओ-शान शहंशाह' बघा. दिवाण-ए-आमचा सेट, शेकडो नाचणारे, प्रत्येक तुकडीचे वेगळे कपडे. या गाण्याच्या नृत्यासाठी चिन्नी प्रकाश यांना आणि सिनेमाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुकड्या दुरून वेगळ्या ओळखू याव्यात आणि मागच्या भिंतीने त्यांना गिळू नये, हे इथे वेशभूषेचं अर्धं काम आहे. 'नॅचरल'वर भिंतीचा लाल धुळकट राहतो, थोडा विटकरी, आणि कपड्यांचा लाल तिच्यापुढे उभा राहतो. 'व्हिव्हिड'वर दोन्ही लाल एकाच पातळीवर येतात. पहिल्या नजरेला श्रीमंत वाटतं. मग लक्षात येतं की नजर कुठे थांबवायची हेच कळत नाहीये. किरण देवहंस यांच्या कॅमेऱ्याने पुढचं आणि मागचं जे वेगळं ठेवलं होतं, ते त्या मोडने एकत्र कालवलं.

'ख्वाजा मेरे ख्वाजा'चं नुकसान तर उलट्या बाजूने होतं. तिथे पांढऱ्या झग्यांतले दरवेशी गोल फिरतात. रंग जवळपास नाहीच, आणि म्हणूनच ते गाणं त्या भरजरी सिनेमात श्वास घेतं. रात्री पाहत असाल आणि निळा प्रकाश कमी करणारा मोड चालू असेल, तर ते पांढरे झगे पिवळट होतात, मागच्या दिव्यांचा सोनेरी आणि त्यांचा पांढरा यातलं अंतर मिटतं. आयपॅडवर 'नाइट शिफ्ट' आणि 'ट्रू टोन' अशी दोन वेगळी बटणं आहेत. खोलीतला बल्ब पिवळा असेल तर 'ट्रू टोन' पांढऱ्यालाही तिकडे झुकवतं. वाचायला दोन्ही छान. सिनेमाला दोन्ही बंद.

सिनेमा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तो मुळातच सोन्यात बुडालेला आहे, आणि काही प्रसंगांत दागिने माणसांच्या आधी बोलतात. पण हा दोष त्याचा आहे की माझ्या टॅबचा, हे ठरवायला आधी टॅब गप्प बसवावा लागतो. 'फारच भडक आहे' असं लिहिणाऱ्या किती जणांनी तो 'व्हिव्हिड'वर पाहिला असेल, असा मला हल्ली संशय येतो.

सिनेमापुरतंच असतं तर मी एवढा वेळ घेतला नसता. पण याच काचेवर आमचा तालुकाही पाहिला जातो.

जुलैत कर्जतचे रील सुरू होतात. भिवपुरीचा धबधबा, गार्बेटचं पठार, पेठचा किल्ला, माथेरानच्या खालचे उतार. सगळं एकाच हिरव्यात. आमच्याकडे एवढा एकच हिरवा नसतो. नुकत्याच लावलेल्या भाताचा पोपटी वेगळा, तो पिवळ्याकडे झुकलेला. सागाच्या पानाचा हिरवा खरबरीत आणि मळकट. कातळावरचा शेवाळी, जवळजवळ काळा. करवंदीच्या जाळीचा गर्द. आणि या सगळ्यावर ढगांचा राखाडी, जो प्रत्येक हिरव्याला थोडं खाली बसवतो. भाषेत एवढे शब्द उगाच नाहीत. शेतावर चालणाऱ्याला ते लागतात. पोपटीचा गर्द झाला की लावणी रुजली.

रील बनवणारा अ‍ॅपमध्ये सॅच्युरेशन वाढवतो. आठ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा असते. पट्टी सरकवत गेलं की हिरव्याचा आकडा वरच्या टोकाला आणि लाल-निळ्याचे खालच्या टोकाला जाऊन आपटतात, आणि आपटल्यावर त्यांच्यातला फरक संपतो. पोपटी आणि पोपटीचा शेजारी एकच होतात. मग हे आधीच खारट झालेलं चित्र आपल्या 'व्हिव्हिड' टॅबवर येतं आणि तो पुन्हा मीठ घालतो. सॅच्युरेशन वाढवलं की जास्त रंग दिसतात असं आपण समजतो. दिसतात कमी रंग, फक्त मोठ्या आवाजात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह मिळाले आणि बेपत्ता असलेल्या सत्तावन्न जणांचा शोध अखेर थांबवावा लागला. दुसऱ्या दिवसापासून वरून काढलेले फोटो सगळीकडे फिरले. हिरवा उतार आणि त्यावर मातीचा उघडा पट्टा. त्यातला एक फोटो मी दोन्ही मोडमध्ये पाहिलाय. 'व्हिव्हिड'वर उतार हिरवाकंच होतो, माती नारिंगी होते, धुकं निळसर होतं, आणि क्षणभर ते ट्रेकच्या जाहिरातीचं चित्र वाटतं. 'नॅचरल'वर हिरवा मळका असतो, माती मातीच्याच रंगाची, आणि त्या मातीत काय आहे हे डोळ्यांना शोधावं लागतं. फोटो तोच. एका काचेवर तो बातमी राहतो, दुसरीवर राहत नाही.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा खरोखर भक्कम आहे, तो टाळत नाही. प्रकाश वाढला की तोच रंग डोळ्यांना अधिक रंगीत वाटतो. रंगशास्त्रात याला हंट परिणाम म्हणतात. दुपारच्या उन्हातला पांढरा कागद टॅबच्या पांढऱ्यापेक्षा कित्येक पटींनी उजळ असतो, म्हणून उन्हातलं दृश्य टॅबवर आकड्यांनी बरोबर असूनही फिकं वाटू शकतं. तेव्हा थोडा रंग वाढवणं म्हणजे खोटेपणा नव्हे, भरपाई आहे. मान्य. पण ही भरपाई राजस्थानच्या दुपारीला लागू पडते. जुलैतल्या भिवपुरीत ऊन असतं कुठे? ढगांखालचं दृश्य मुळातच मंद असतं. ज्या उजेडाची भरपाई करायची, तो उजेड तिथे नव्हताच.

'माझा टॅब, माझी आवड' हा दुसरा मुद्दा. आवडीशी माझं भांडण नाही. भडक रंगांची आवड आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा एक मोठा कारखाना इथून जवळच होता. कर्जतहून बोरघाट चढून लोणावळा ओलांडलं की पुढचं स्टेशन मळवली. राजा रविवर्म्यांचा लिथोग्राफीचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच मळवलीला हलला. तिथून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. तैलचित्रातला एकेक रंग वेगळा काढायचा, प्रत्येकासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एकावर एक छापत जायचं. त्यात बारकावे गेले, झळाळी आली. उजेड कमी असलेल्या माजघरात त्या झळाळीचा उपयोगही झाला असेल, असं मला वाटतं. पण कुठला रंग किती वाढवायचा हे कुणीतरी दगडावर वाकून, मूळ चित्र समोर ठेवून ठरवत होतं. शिवाय तैलचित्र वेगळं आणि ओलिओग्राफ वेगळा, हे पाहणाऱ्याला कळत होतं.

रविवर्म्यांचं एक तैलचित्र आणि त्याच विषयाचा एक ओलिओग्राफ टॅबवर शेजारी उघडा. 'नॅचरल'वर तैलचित्राची सावली तपकिरी आणि खोल दिसते, त्वचेत दोन-तीन रंग एकमेकांत विरघळलेले असतात, आणि छापील चित्र त्याच्या शेजारी सपाट, स्वच्छ, गुलाबी. मग मोड बदला. तैलचित्राची त्वचा नारिंगी होते, सावलीत लाल चढतो, साडीची किनार पुढे येते. ओलिओग्राफ आधीपासून तसाच होता. आता कुठलं हाताने रंगवलेलं आणि कुठलं छापलेलं, हे पाहून सांगणं अवघड होतं.