काचपात्रापासून रुग्णशय्येपर्यंत : प्रतिजैविक-प्रतिरोध आणि नॅनोकण संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू हा मुंबईतील रुग्णालयांपुढील जुना प्रश्न आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बापेनेम गटातील औषधांना न जुमानणाऱ्या २४ जिवाणू-नमुन्यांपैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ हे विकर आढळले. ‘लॅन्सेट’मधील २०२२ च्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट अशा प्रतिरोधामुळे झाले. नवी प्रतिजैविके क्वचितच हाती येत असल्याने नॅनोकणांकडे आशेने पाहिले जाते. ही आशा कितपत साधार आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात परळच्या हाफकिन संस्थेच्या इतिहासाच्या संदर्भात केला आहे.

संशोधनाची वाटचाल

या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान पायाभूत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार करून दाखविले. तीव्र रसायने टाळणारी ही जैविक पद्धत पुढे वनस्पतींच्या अर्कांपर्यंत विस्तारली आणि अल्प खर्चामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही रुजली. पुणे विद्यापीठातील बाळू चोपडे व सहकाऱ्यांचा २०१२ मधील शोधनिबंध या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. डायोस्कोरिया बल्बिफेरा या कंदाच्या अर्कापासून बनविलेले चांदीचे कण २२ प्रतिजैविकांसोबत तपासले असता, बहुऔषध-प्रतिरोधी ॲसिनेटोबॅक्टर बॉमनीविरुद्ध पिपरॅसिलिनचा प्रभाव सुमारे ३.६ पट व एरिथ्रोमायसिनचा सुमारे ३ पट वाढल्याचे दिसले. निकामी ठरू लागलेल्या औषधांना पुन्हा उपयोगात आणण्याची ही दृष्टी निश्चितच मोलाची आहे.

चिकित्सा

तथापि हा पुरावा काचपात्रातील आहे. या प्रकारच्या असंख्य शोधनिबंधांची मुख्य कसोटी निरोधक्षेत्र, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबलेले वर्तुळ, हीच असते. हे वर्तुळ औषधाच्या मारक शक्तीइतकेच आगार माध्यमात ते किती पसरते यावरही अवलंबून असते. शिवाय रक्तातील प्रथिने व क्लोराइड चांदीला बांधून ठेवतात. त्यामुळे पात्रातील यश शरीरात टिकेलच असे नाही.

दुसरा मुद्दा प्रमाणीकरणाचा. वनस्पतीच्या अर्काचे घटक ऋतू, जमीन व साठवण यांनुसार बदलतात. प्रत्येक खेपेला कणांचा आकार व आवरण तेच राहते काय, याचे उत्तर न देता केलेला औषधोपयोगाचा दावा अपुरा ठरतो.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. नॅनोकणांना जिवाणू प्रतिरोध करू शकत नाहीत, हे गृहीतक आता टिकत नाही. चेक संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले, की चांदीच्या कणांशी वारंवार संपर्क आल्यावर ई. कोलाय जिवाणू फ्लॅजेलिन हे प्रथिन निर्माण करून त्या कणांच्या गुठळ्या करतात व त्यांना निष्प्रभ करतात. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिनची निर्मिती रोखता येते, असेही त्यांना आढळले. म्हणजे चांदीचा वापरही प्रतिजैविकांइतकाच जपून करावा लागेल.

परळचा धडा

या संदर्भात वाल्डेमार हाफकिन यांचे कार्य उद्बोधक आहे. १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईत लस तयार केल्यावर त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात लस टोचलेल्या व न टोचलेल्या बंद्यांची तुलना झाली. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. परंतु तुलनेशिवाय दावा नाही, हे तत्त्व त्यात होते. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित लशीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन कालांतराने दोषमुक्त ठरले. तरी लस गुणकारी असणे आणि तिची प्रत्येक बाटली निर्दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या घटनेने दाखवून दिले. नॅनोकण संशोधनातील उणीव नेमकी या दोन टप्प्यांत आहे.

या उणिवेचा संपूर्ण दोष संशोधकांवर टाकणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय पीएच.डी.-उत्तर अधिछात्रवृत्तीचा कालावधी दोन वर्षांचा असतो. एवढ्या अवधीत प्राणी-चाचणी, विषाक्तता-परीक्षण व रुग्णालयाशी सहकार्य साधणे कठीण. निरोधक्षेत्र मोजून निबंध प्रसिद्ध करणे मात्र शक्य असते. संशोधनाची दिशा अशा प्रकारे अधिछात्रवृत्तीची मुदत ठरविते.

निष्कर्ष

नॅनोकण संशोधन निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. जखमेच्या पट्ट्या किंवा मूत्रनलिकांचे लेपन अशा बाह्य व मर्यादित उपयोगांत त्याला वाव आहे. मात्र मार्गदर्शकांनी व परीक्षकांनी प्रत्येक प्रबंधास तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : किमान निरोधक मात्रा रक्तद्रव्याच्या उपस्थितीत मोजली आहे काय? कणांच्या लागोपाठच्या खेपा समान आहेत काय? दीर्घ संपर्कानंतर जिवाणू प्रतिरोधी झाले काय? प्रतिरोधी जिवाणूंचे नमुने मुंबईच्या रुग्णालयांत आहेत आणि नॅनोकण विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत. या दोहोंमध्ये दीर्घ मुदतीचा सहयोग उभा राहिला, तरच या प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या कामी येतील.